एकास बारा : कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स’ची वाटचाल

कोल्हापूरला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने पुढच्या दोन दशकांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशा समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले की तो शिकतो, हा त्या साऱ्या खटाटोपामागचा साधा हिशेब होता आणि तो खरा ठरला. मात्र या हिशेबात एक विद्यार्थी बसत नव्हता. त्याला जेवण मिळाले, फी माफ झाली, वह्या-पुस्तके मिळाली, तरी शाळेच्या पायऱ्या त्याला चढता येत नव्हत्या.

त्या विद्यार्थ्यासाठी वसतिगृह, शाळा आणि रोजगार उभा करणारी संस्था कोल्हापुरात १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचे नाव ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड, कोल्हापूर’. नाव इंग्रजी असले तरी जिल्ह्यातले लोक तिला नुसते ‘हेल्पर्स’ म्हणतात.

संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक यांना महाराष्ट्र नसीमादीदी म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म १९५० चा. खेळात आणि नृत्यात रमणाऱ्या या मुलीला सोळाव्या वर्षी पाठीच्या कण्याच्या दुखण्याने गाठले आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतरच्या खचलेल्या वर्षांत त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. बाबूकाका स्वतः अपंग होते आणि तरीही उमेदीने जगत होते. पुढे नसीमादीदींनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि नोकरी सांभाळून अपंगांचे काम सुरू केले. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास स्वतःच लिहिला आहे. संस्थेच्या आरंभी त्यांच्यासोबत रजनी करकरे-देशपांडे होत्या. त्या गायिका म्हणून कोल्हापूरकरांच्या परिचयाच्या होत्या आणि स्वतःही अपंगत्व घेऊन जगत होत्या. पी. डी. देशपांडे, मनोहर देशभ्रतार असे सहकारीही होते. ही सारी मंडळी संस्थेच्या स्थापनेआधीही अपंग पुनर्वसनाच्या कामात होतीच. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले होते. देशभर सभा झाल्या, टपाल तिकीट निघाले. वर्ष संपल्यावर उरलेले काम अशा स्थानिक मंडळींच्या अंगावर पडले.

पहिल्या टप्प्यातले काम सुटे सुटे होते. कुणाला कॅलिपर हवे, कुणाला तीनचाकी सायकल, कुणाची शस्त्रक्रिया अडलेली, कुणाला टपरी टाकायला थोडे भांडवल हवे. त्या काळी पोलिओ घरोघरी होता. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी अशा तालुक्यांत पाय लुळे पडलेली मुले घराच्या सोप्यात बसलेली दिसत. घरातले धडधाकट भाऊ-बहीण शाळेत जात, याला मात्र आईने उचलून आत-बाहेर करायचे. मूल सहा-सात वर्षांचे असेपर्यंत ते जमते. पुढे ते जड होते आणि आई थकते. शाळा सुटण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण होते आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलले जात नसे, ते म्हणजे शौचालय. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला शाळेच्या शौचालयात जाता येत नसेल, तर ती सकाळपासून पाणी प्यायचे टाळते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाने पाणी कमी प्यायले की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि एकेकाळी अशा रुग्णांचे मृत्यू प्रामुख्याने याच वाटेने होत. तेव्हा शौचालयाचे दार किती रुंद आहे, हा प्रश्न शाळेच्या पटाशी आणि मुलीच्या आयुष्याशी थेट जोडलेला होता. हे ज्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते, तेच संस्थेच्या कार्यकारिणीत बसत होते. ‘हेल्पर्स’च्या वाटचालीत ही गोष्ट निर्णायक ठरली.

सुटी मदत पुरी पडत नाही, राहण्याची सोय हवी, हे लवकरच स्पष्ट झाले. भाड्याच्या घरात ती मिळणे कठीण होते. कोल्हापुरी बांधणीचे जुने घर म्हणजे दीड-दोन फुटांचे जोते, उंच उंबरा, अरुंद मोरी आणि परड्याच्या टोकाला संडास. असे घर बदलून घेण्यापेक्षा नवे बांधणे सोपे. शहराच्या पूर्वेला, महामार्गाच्या बाजूच्या उचगाव येथे संस्थेने ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे केले.

या बांधकामाकडे थोडे थांबून पाहायला हवे. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. एक फूट वर जायचे तर बारा फूट लांब उतार हवा. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. इतकी जागा कुठे सोडायची, म्हणून गवंडी आणि कंत्राटदार तो सहा फुटांत उरकतात. अशा उतारावर खुर्ची चढवताना ती मागे उलटते आणि उतरताना हातातून सुटते. सरकारी इमारतींपुढे आजही असे घसरगुंडीसारखे उतार दिसतात. उद्घाटनाच्या छायाचित्रात ते छान येतात. दाराला तीन फुटांची मोकळी रुंदी लागते. खुर्ची जागच्या जागी वळवायची तर पाच फुटांचे वर्तुळ मोकळे लागते. विजेची बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला यावी लागतात. वॉश बेसिनखाली गुडघे आत जातील अशी जागा लागते. हे सारे आज केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत मिलिमीटरमध्ये लिहिलेले सापडते. ‘हेल्पर्स’ची मंडळी ते आपल्या शरीरावरून शिकली होती.

जगभरातही हा विचार असाच आला. अमेरिकेतील वास्तुविशारद रोनाल्ड मेस लहानपणी पोलिओने चाकाच्या खुर्चीवर आले. अपंगांसाठी वेगळा दरवाजा, वेगळा जिना, वेगळी सोय करण्याऐवजी मूळची रचनाच सर्वांना वापरता येईल अशी करावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतील अभ्यासकांनी या सर्वसमावेशक रचनेची सात तत्त्वे मांडली. उचगावच्या बांधकामामागची दृष्टी हीच होती, आणि ती पुस्तकातून आलेली नव्हती.

वसतिगृहानंतर शाळा. मुले राहू लागली, पण जवळच्या शाळांच्या पायऱ्या होत्या तशाच होत्या. म्हणून समर्थ विद्यामंदिर आणि समर्थ विद्यालय निघाले. संस्थेने येथे एक महत्त्वाचा निर्णय घेतला. ही शाळा फक्त अपंगांची ठेवली नाही. धडधाकट मुलेही त्याच वर्गात बसतात. पायऱ्या नसलेल्या इमारतीने त्यांचे काही बिघडत नाही. उलट, खुर्चीवरचा मित्र परीक्षेत आपल्या पुढे जातो, हे त्यांना लहानपणीच कळते. शाहू महाराजांच्या काळातील जातवार वसतिगृहांबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जाई की त्यांनी वेगळेपण टिकवले. ती त्या काळाची गरज होती, हे खरेच. पण त्याच शहरात निघालेल्या या शाळेने आरंभापासून एकत्र बसण्याची वाट धरली, ही या वाटचालीतील एक जमेची बाजू.

संसदेने १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्क संरक्षण आणि संपूर्ण सहभागाचा कायदा केला. तो फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. तेव्हा ‘हेल्पर्स’ला एक तप होऊन गेले होते. कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा दिल्या, सार्वजनिक इमारतींत उतार करावेत असे म्हटले, पण त्यापुढे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवली. तिचा वापर सरकारी कार्यालयांनी मनसोक्त केला.

शिकून झाले की पुढे काय, हा प्रश्न मग आलाच. राखीव जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि नोकरी मिळाली तरी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. कोल्हापूर हे कारागिरांचे आणि कारखानदारांचे शहर. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून देशभर सुटे भाग जातात. अशा शहरात संस्थेने कार्यशाळा सुरू करणे स्वाभाविकच होते. चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली, कॅलिपर, कुबड्या असे साहित्य येथे तयार होऊ लागले, आणि ते करणारे हातही बहुतांशी अपंगांचेच. रुग्णालयात वापरतात ती खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी असते. पावसाळ्यातल्या गावरस्त्यावर तिची पुढची लहान चाके रुतून बसतात. जो माणूस स्वतः त्या चिखलातून गेला आहे, त्याला चाकाचा व्यास किती हवा आणि हाताची टेकण कुठे हवी, हे समजावून सांगावे लागत नाही.

रोजगाराचा मोठा प्रयोग मात्र घाटाखाली झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील मोरे येथे संस्थेने ‘स्वप्ननगरी’ उभी केली. काजू प्रक्रिया हा तिथला मुख्य उद्योग. काजूचा कारखाना पाहिलेल्यांना ठाऊक असेल की यातले बरेचसे काम बसून करायचे असते. पण बसून करायचे म्हणून ते खुर्चीवरच्या माणसाला आपोआप जमते, असे नाही. बी फोडायच्या नेहमीच्या यंत्राला हाताचा दांडा आणि पायाची पट्टी असते. पाय चालत नसतील तर ते यंत्र जसेच्या तसे उपयोगी नाही. टरफलातून निघणारे तेल त्वचा भाजते. ज्याच्या मांडीला संवेदना नाही, त्याला ते सांडल्याचे कळणारही नाही, आणि जखम दिसेपर्यंत दिवस मावळलेला असेल. सोलणे, निवडणे, प्रतवारी करणे ही कामे त्या मानाने सुरक्षित, पण त्यासाठीही टेबलाची उंची, मालाच्या ट्रेची जागा आणि बसायची गादी नीट ठरवावी लागते. कण्याला इजा झालेल्या माणसाने तासन्‌तास एका जागी बसणे धोक्याचे. दर थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलले नाही तर रक्तपुरवठा थांबून जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात. कारखान्याची आखणी करताना ही सगळी माहिती यंत्राच्या माहितीइतकीच लागते. अपंगांना काम देणे म्हणजे उपकार, असे समजणाऱ्या उद्योजकांनी हा भाग एकदा समजून घ्यावा. कारण टेबलाची योग्य उंची आणि हाताशी आलेला माल यांनी धडधाकट कामगाराचीही पाठ वाचते.

ही वाटचाल सुखाची झाली, असे म्हणता येणार नाही. अशा संस्थेचा खर्च इमारत उभी राहिल्यावर संपत नाही, तेव्हा सुरू होतो. मुलांना उचलणारे, आंघोळ घालणारे, रात्री कूस बदलून देणारे मदतनीस लागतात. औषधे, कॅथेटर, गाद्या लागतात. देणगीदाराला इमारतीवर नावाची पाटी लावता येते, मदतनिसाच्या पगारावर लावता येत नाही. त्यामुळे दरवर्षीचा चालू खर्च जमवणे हे विश्वस्तांचे कायमचे दुखणे राहिले. कोल्हापूर, मुंबई, पुण्यातील दात्यांनी आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी ते वेळोवेळी हलके केले. या साऱ्यांच्या बरोबरीने, पगारपत्रकावर नाव असलेल्या पण कुठल्याही कोनशिलेवर नसलेल्या मदतनिसांचा वाटा मोठा आहे. नसीमादीदींनी पुढच्या काळात ‘साहस डिसअ‍ॅबिलिटी रिसर्च अँड केअर फाउंडेशन’ ही आणखी एक संस्था उभी केली. एका कामातून दुसरे काम फुटले.

दरम्यान अपंगत्वाचे चित्रही बदलत गेले. भारतातील शेवटच्या पोलिओ रुग्णाची नोंद जानेवारी २०११ मध्ये झाली आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या आजाराने अशा वसतिगृहांच्या खोल्या भरल्या होत्या, तो आजार हद्दपार झाला. पण खोल्या रिकाम्या झाल्या नाहीत. रस्त्यावरचे अपघात, झाडावरून किंवा बांधकामावरून पडणे, सेरेब्रल पाल्सी, स्नायू क्षीण होत जाण्याचे आजार ही कारणे पुढे आली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारचे सुगम्य भारत अभियान सुरू झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि राखीव जागा चार टक्के केल्या. सुलभ रचनेचे नियम पाळले नसतील तर बांधकाम परवानगी देऊ नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले.

याच कायद्याच्या आठव्या कलमाची कोल्हापूरला विशेष गरज आहे. आपत्तीच्या काळात अपंगांना इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना द्यावी, असे हे कलम सांगते. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आंबेवाडी, प्रयाग चिखली पाण्यात गेली, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली, शहराचा पाणीपुरवठा उपसा केंद्रे बुडाल्याने थांबला. लष्कर, नौदल, एनडीआरएफ आणि स्थानिक तरुण मंडळांनी हजारो लोकांना बोटींतून बाहेर काढले.

महापुराचा विचार अपंग माणसाच्या बाजूने केला तर अडचणींचा क्रम वेगळा लागतो. पाणी वाढते आहे ही दवंडी बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही. पाणी जोत्याला लागले की घरचे माडीवर जातात. खुर्चीवरच्या माणसाला कोण नेणार? बोट आली तर माणूस उचलून घेतात, खुर्ची मागे राहते, आणि खुर्ची गेली की तो निवाऱ्यात पोहोचल्यापासून पूर्णपणे परावलंबी होतो. निवारा म्हणजे बहुधा शाळा. तिला पायऱ्या, शौचालयाला उंबरा, झोपायला सिमेंटची फरशी. संवेदना नसलेल्या शरीराला उघड्या फरशीवरच्या एका रात्रीत जखम होऊ शकते. पूर काही दिवसांत ओसरतो, जखम दिवाळीपर्यंत भरत नाही. २०११ मध्ये जपानच्या भूकंप आणि त्सुनामीत अपंगांमधील मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे आढळले होते. जपानसारख्या सज्ज देशाची ही कथा. बांगलादेशातील गायबांधा जिल्ह्यात मात्र उतार असलेली बचाव बोट तयार करून खुर्चीसह माणूस हलवण्याची सोय केली गेली. आपल्याकडेही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये अपंगांना सामावून घेणाऱ्या आपत्ती नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, म्हणजे कोल्हापूरचा पूर ओसरून महिना-दीड महिना झाला होता तेव्हा.

‘हेल्पर्स’ने शाळा बांधली ती शिकवण्यासाठी. पण उताराची, रुंद दारांची, खुर्ची आत जाणाऱ्या शौचालयांची शाळा ही पुराच्या काळात आयता निवाराही ठरते. उतारावरून खुर्ची चढते तशी म्हाताऱ्या आजीची बाज चढते, बाळंतिणीला नेता येते, धान्याची पोती ढकलगाडीवरून आत जातात. जिल्ह्यातील पूररेषेबाहेरच्या शाळांपैकी निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळा जरी अशा करून घेतल्या, तरी वेगळ्या आपत्ती निवाऱ्यांवर खर्च करण्याची गरज बरीच कमी होईल. पूरग्रस्त गावांच्या पुनर्वसनात नवी घरे बांधली जातात, तेव्हा तर जुने जोते पाडण्याचाही प्रश्न नसतो. पहिल्या दिवसापासून योग्य उतार करायला येणारा खर्च किरकोळ असतो, नंतर तोडफोड करून बसवायला तो अनेक पटींनी वाढतो.

राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग स्थापन केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे टाकले. सुलभतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा नियम न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत वेगळे काढण्यास केंद्र सरकारला सांगितले. म्हणजे १९८४ मध्ये काही खुर्चीवरच्या माणसांनी ज्याचा आग्रह धरला, ते चाळीस वर्षांनी सक्तीचे होण्याच्या मार्गावर आले.

सक्ती आली की माहितगारांची गरज पडेल. किती उतार लागतो, कोणती फरशी पावसात निसरडी होते, कठडा कोणत्या उंचीवर खरोखर हाताला लागतो, हे नकाशावर लिहिलेले असते, पण नकाशाप्रमाणे बांधलेल्या जागेत माणूस अडकतो कुठे, हे वापरणाऱ्यालाच कळते. कोल्हापुरात शाळा, समाजमंदिर किंवा कारखाना बांधायला घेणाऱ्या अभियंत्याने नकाशा मंजुरीला पाठवण्याआधी उचगावला एक फेरी मारावी. सोबत टेप न्यावी, आणि उताराची लांबी मोजून झाली की तो रोज वापरणाऱ्यांना विचारून घ्यावे.